खालच्या आजोबांचे दोन शब्द

आमच्या खालच्या मजल्यावर जे अमेरिकन आजोबा राहतात, त्यांच्याशी माझी ओळख भांडणाने झाली. जर्मनीत गेर्लिंगेनच्या ऑफिसात नोकरी लागली म्हणून आम्ही या घरात राहायला आलो, आणि दुसऱ्याच आठवड्यात दारावर कोणीतरी एक लाकडी पाटी लटकवून गेलं. 'केअरवोखं'. म्हणजे या आठवड्यात जिना आणि फुटपाथ झाडायची पाळी तुमची. मला काय माहीत? मी पाटी काढून बुटांच्या कपाटावर ठेवून दिली. शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात आजोबा, हातात झाडू, आणि गुड मॉर्निंग वगैरे काही नाही, थेट जिन्यातल्या धुळीवर व्याख्यान. मी पुण्याची. निमूट ऐकून घेणं आमच्यात बसत नाही. म्हटलं, ही धूळ आधीच्या भाडेकरूंची आहे, आम्ही फक्त सांभाळतोय. ते माझ्याकडे बघत राहिले आणि खो खो हसले. मग आम्ही दोघांनी मिळून जिना झाडला.

नौदल सोडल्यावर ते स्टुटगार्टजवळच्या अमेरिकन छावणीत इलेक्ट्रिशियन म्हणून आले, इथल्याच मुलीशी लग्न केलं आणि इथल्या लोकांपेक्षा जास्त इथले झाले. बायको जाऊनही आता बरीच वर्षं झाली. माझी मुलगी त्यांना 'ओपा' म्हणते, जर्मनमधले आजोबा. ती माझ्याशीही जर्मनमध्येच बोलते म्हणा, मी मराठीत ओरडले तरी उत्तर जर्मनमध्ये. पण ओपांशी बोलताना तिच्या आवाजात जी अदब असते ती माझ्या वाट्याला येत नाही.

आमच्या मराठी मंडळींना तर त्यांचा फार आधार. पुण्या-मुंबईहून नवीन आलेलं जोडपं असो की पीएचडीला आलेला पोरगा, सरकारी पत्र आलं की मी त्याला आजोबांच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवायची. ते चष्मा लावून वाचायचे, इंग्रजीत समजावायचे, डॉक्टरांना फोन करून अपॉइंटमेंट घ्यायचे. बदल्यात काही घ्यायचे नाहीत. पोहे मात्र आवडायचे, वर लिंबू पिळून. डावा कान पूर्ण गेलेला, म्हणून आम्ही सगळे आपोआप त्यांच्या उजव्या बाजूला बसायचो.

त्या कानाचं काय झालं हे मी कधी विचारलं नव्हतं. माझ्या मुलीने विचारलं, एका रविवारी, पोहे खाता खाता. मी तिला डोळे मोठे करून दाखवले, पण आजोबा म्हणाले, राहू दे, मला सांगायचंय.

विशीत असताना ते नौदलात होते. त्यांचं जहाज लढाईचं नव्हतं, ऐकायचं होतं. वर सगळीकडे अँटेना, खाली एका खोलीत ही पोरं कानाला हेडफोन लावून बसलेली, दुसऱ्यांचे रेडिओवरचे निरोप टिपून घ्यायची. एकोणीसशे सदुसष्ट साली इस्रायल आणि अरब देशांचं युद्ध पेटलं तेव्हा हे जहाज इजिप्तच्या किनाऱ्यापासून लांब, खुल्या समुद्रात उभं होतं. सकाळी विमानं येऊन घिरट्या घालून गेली. डेकवर उघड्या अंगाने ऊन खात पडलेल्या पोरांनी त्यांना हात केले. विमानं इस्रायलची, म्हणजे मित्रांची, मग काळजी कसली? दुपारी पुन्हा विमानं आली आणि त्यांनी जहाजावर गोळीबार केला, आगीचे बॉम्ब टाकले. त्यामागून टॉर्पेडो बोटी आल्या. एक टॉर्पेडो लागला तो नेमका त्या हेडफोनच्या खोलीच्या बाजूला. आजोबा त्या खोलीत होते. दिवे गेले, पाणी शिरलं, त्यांच्या पाळीतली बहुतेक पोरं तिथेच गेली. यांना कोणीतरी कॉलर धरून शिडीवर ओढलं. कोणी, ते त्यांना आजपर्यंत कळलेलं नाही.

इस्रायलने लगेच सांगितलं की ओळखण्यात चूक झाली. माफी मागितली, भरपाईही दिली. जहाजावरच्या पुष्कळ लोकांना ते पटलं नाही. आजोबांनाही नाही. जहाजावरचा अमेरिकन झेंडा केवढा मोठा होता, असं ते हात पसरून दाखवायचे. चूक की मुद्दाम, हे ठरवणारी मी कोण? पण त्यांचं खरं दुखणं त्याच्याही पुढचं होतं. त्यांच्याच नौदलाने त्यांना बजावलं होतं की याबद्दल कोणाशी बोलायचं नाही, आईबापांशीही नाही, आणि मग सगळ्यांना वेगवेगळ्या जहाजांवर पांगवून टाकलं. बायकोला त्यांनी एवढंच सांगितलं होतं की नोकरीत असताना अपघात झाला. ती बिचारी तेवढंच ऐकून गेली. पुढे सांगायची मुभा मिळाली तेव्हा जीभ उचलली नाही, आणि उचलली तेव्हा बायको नव्हती, असं ते म्हणाले. मुलीने त्यांना पोह्यांची बशी पुढे केली.

आमच्या इथल्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव म्हणजे दर सप्टेंबरात एका शनिवारी, गावच्या हॉलमध्ये. आरती, अथर्वशीर्ष, लहान मुलांचे नाच, जेवण. सूत्रसंचालन मी करते, कारण दुसरं कोणी तयार नसतं, आणि खरं सांगायचं तर मला आवडतं. गेल्या वर्षी बैठकीत मीच सुचवलं की खालच्या आजोबांचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, आणि दोन शब्द. सगळ्यांनी माना डोलावल्या. अर्ध्या कमिटीची पत्रं त्यांनी वाचून दिलेली होती.

मी त्यांना जाऊन सांगितलं. सत्कार म्हणजे काय हे समजावताना नारळावर गाडी अडली, पण त्यांना गंमत वाटली. मग ते म्हणाले की मला दोन शब्द बोलायचे असतील तर मी जहाजाबद्दल बोलेन. चालेल का? मी म्हटलं, चालेल म्हणजे काय, धावेल. मी भाषांतर करीन. आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांसमोर ते सांगणार होते, आणि ते आमच्या मंडळात, माझ्यामुळे. मला माझंच कौतुक वाटलं.

नंतर आठवडाभर ते भाषणाची तालीम करत होते. तळघरात आमच्या इमारतीची धुण्याची खोली आहे, तिथे मशीन चालू असताना. मी कपडे घेऊन खाली गेले तर आतून त्यांचा आवाज येत होता. सगळं अगदी साधं होतं. कोण कुठला, कोण काय गाणी म्हणायचा, दुपारी काय झालं. आणि शेवटी एक वाक्य, जे ते पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते: "इस्रायलच्या विमानांनी आम्हाला मारलं, आणि आमच्या लोकांनी आम्हाला गप्प राहायला सांगितलं." रागाने नाही, पत्ता सांगावा तसं. 'इस्रायल' म्हणताना दर वेळी अडखळत होते. मी दार न उघडता कपडे घेऊन वर आले.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी अध्यक्षांचा फोन. अध्यक्ष म्हणजे अतिशय भला माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. ते म्हणाले, ताई, आजोबा बोलणार आहेत ते कळलं, छानच आहे, फक्त त्या देशाचं नाव टाळता येईल का? 'एका देशाच्या विमानांनी' असं म्हटलं तर? आपण नोंदणी केलेलं मंडळ, हॉल गावाचा, ज्यूंच्या इतिहासामुळे त्या देशावर बोट ठेवलेलं इथे चटकन खटकतं, त्यात सध्याचे दिवस हे असे, व्हिडिओ फेसबुकवर जाणार. उगाच कोणी तक्रार केली तर? आणि आपल्यातल्या किती जणांचे नागरिकत्वाचे अर्ज आत पडलेत, तुम्हाला तर माहीतच आहे.

मला माहीत होतंच, कारण त्यातला एक माझा होता. नागरिकत्वाचा, म्हणजे इथल्या भाषेत आइनब्युर्गेरुंगचा, अर्ज देऊन वर्ष होत आलं होतं, आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एक नवी वावडी. कोणाच्या तरी मित्राने एका पोस्टला लाइक केलं आणि त्याचा अर्ज म्हणे अडकला. कोण मित्र, कुठली पोस्ट, पत्ता नाही. मला कुठल्याही ऑफिसने काही विचारलं नव्हतं, कोणी धमकावलं नव्हतं, एक माणूस आपल्या विशीतल्या आठवणी सांगतो म्हणून आभाळ कोसळेल असं या देशात कोणी मला म्हणालं नव्हतं. तरी मला तो व्हिडिओ आधीच दिसायला लागला. व्हिडिओत माईक धरून मी उभी, खाली माझं नाव, आणि ते वाक्य माझ्या तोंडून मराठीत. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, अगं एका शब्दाने काय फरक पडतो, सगळं तर सांगणारच आहेत ते. मला हेच ऐकायचं होतं.

हे लिहिताना लाज वाटते, ती भीतीची नाही. भीती कोणालाही वाटते. लाज याची वाटते की मी खाली जाताना डब्यात करंज्या घेऊन गेले.

आजोबा टेबलाशी बसून कोट ब्रश करत होते, शनिवारसाठी. मी उजव्या बाजूला बसले. सगळं गोड गोड करून सांगितलं. मंडळ लहान आहे, लोक घाबरट आहेत, काहींचे कागद अडकलेत. काहींचे म्हटलं, माझे म्हटलं नाही. फक्त तेवढा एक शब्द वगळा. बाकी सगळं सांगा. ते ऐकत होते. ऐकणं हे त्यांचं कामच होतं, त्यामुळे मी कुठे कुठे अडखळले तेही ऐकलं असणार. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"येईल मला तसं बोलायला," ते म्हणाले. "सवय आहे." मग डब्याकडे बघून म्हणाले, "दवाखान्यात मला गप्प राहायला सांगायला जो अधिकारी आला होता, तोही चांगला माणूस होता. संत्री घेऊन आला होता."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. त्यांनी एक करंजी उचलून खाल्ली आणि चांगली झाली आहे म्हणाले. मला तिथेच म्हणता आलं असतं की राहू द्या, तुम्हाला हवं ते बोला, मी बघते काय होतं ते. मी म्हटलं नाही. डबा तिथेच ठेवून वर आले आणि अध्यक्षांना मेसेज टाकला, काम झालं. त्यांनी दोन हात जोडल्याची चित्रं पाठवली.

शनिवारी सगळं आमच्या रिवाजाप्रमाणे उशिरा सुरू झालं. पहिल्या रांगेत साताऱ्याहून मुलीकडे तीन महिन्यांसाठी आलेले एक काका बसले होते, स्वेटर आणि कानटोपी घालून, हॉलमध्ये हीटिंग चालू असताना. हे काका म्हणजे मला वैताग. प्रत्येक गोष्टीत मध्येच मोठ्याने प्रश्न. गाणं झालं की हा राग कुठला, नाच झाला की ही मुलगी कोणाची. मी स्टेजवरून हसून उत्तरं देत होते आणि मनात दात खात होते.

मग सत्कार. अध्यक्षांनी शाल घातली, हातात नारळ दिला. आजोबांनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. टाळ्या झाल्या. ते माईकशी आले आणि इंग्रजीत बोलू लागले, मी वाक्यावाक्याला मराठी करत गेले. धुण्याच्या खोलीत ऐकलेलंच सगळं. ऊन खाणारी पोरं, हात करणं, दिवे जाणं, शिडी. स्वयंपाकाकडच्या बायकासुद्धा दारात येऊन उभ्या राहिल्या. शेवटचं वाक्य आलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "विमानांनी आम्हाला मारलं, आणि आम्हाला गप्प राहायला सांगितलं." 'एका देशाच्या' हेही त्यांनी म्हटलं नाही. ती तडजोड त्यांना नको असावी. मी मराठी केलं. विमानांनी मारलं. कोणाची विमानं, कोणी सांगितलं, काही नाही, जणू पाऊस पडला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. "अहो, पण विमानं होती कोणाची? ते सांगायला सांगा की त्यांना."

काही लोक हसले, काकांची सवय माहीत झाली होती म्हणून. आजोबांनी काकांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मराठी त्यांना येत नाही. पण आपल्याला काहीतरी विचारलंय आणि ते आपल्यालाच विचारलंय, हे त्यांना कळलं होतं. ते वाट बघत होते. त्यांचं तोंड थोडं उघडं होतं. मी एवढंच करायचं होतं, तीन शब्द इंग्रजीत म्हणायचे. पुढचं त्यांनी केलं असतं. अध्यक्ष कडेला उभे राहून नको नको अशी मान हलवत होते.

मी आजोबांना म्हटलं, ते तुमचे आभार मानतायत. आणि माईक स्वतःकडे घेऊन हॉलला म्हटलं, "वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत, क्षमस्व. आता बालगोपाळांचा नाच." वर छान हसलेसुद्धा. व्हिडिओत दिसतं ते. आजोबा पायऱ्या उतरून खाली आले, काकांसमोर थांबले आणि त्यांना वाकून थँक्यू म्हणाले, कारण मी तसं सांगितलं होतं. काका उभे राहिले, कानटोपी काढली आणि त्यांचा हात हातात घेऊन बराच वेळ धरून ठेवला. स्पीकरवर गाणं सुरू झालं.

घरी येताना गाडीत ते पुढे बसले होते, नारळ मांडीवर. थोड्या वेळाने म्हणाले, "विमानं कोणाची, तेच विचारलं ना त्यांनी?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायची ताकद संपली होती. वेळ नव्हता, असं पुटपुटले. ते ठीक आहे म्हणाले. मागून माझी मुलगी, जी सगळं मराठी समजते, एकदम मराठीत म्हणाली, "वेळ होता, आई." इतकी वर्षं जिच्या मराठीसाठी जीव टाकला, ती बोलली ती हे बोलली. नवऱ्याने वायपर चालू केले, पाऊस नसताना.

पुढचा आठवडा मी जिन्यात आजोबांचा आवाज आला की थांबून मग बाहेर पडायची. चोरासारखी. ते मात्र भेटले की नेहमीसारखेच, हवापाणी, मुलीची शाळा. त्यांनी एका शब्दाने मला काही म्हटलं नाही, आणि त्यामुळे मला काहीच म्हणता येईना. माफी मागायला गेले असते तर त्यांनी कॉफी केली असती, मलाच बरं वाटावं म्हणून. ते मला नको होतं. माझा अर्ज अजूनही पडून आहे, त्याचं काही झालेलं नाही, बरं नाही की वाईट नाही.

मग एक दिवस मंडळात आलेलं एक पातेलं परत द्यायचं राहिलं होतं म्हणून मी त्या साताऱ्याच्या काकांच्या मुलीकडे गेले. ती ऑफिसात होती. दार काकांनी उघडलं. आत बसवलं, चहा केला, मुलीचा मसाला सापडेना म्हणून आलं ठेचून घातलं. परवा परत निघणार म्हणाले. हॉलमध्ये वैताग वाटलेला माणूस घरात अगदी हळू बोलत होता. मला वाटलं, निदान यांना तरी सांगून टाकावं. एका माणसाला तरी खरं उत्तर दिलं असं होईल. म्हटलं, काका, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत, विमानं कोणाची. ती इस्रायलची होती.

ते माझ्याकडे नवलाने बघायला लागले. "ते ठाऊक आहे की मला. आमच्या वेळी पेपरात आलं होतं. आणि हॉलात बाकीच्यांनी मोबाइलवर बघून घेतलं होतं, ते बोलत होते तेव्हाच. माझ्या शेजारच्या पोराने मला दाखवलं."

म्हणजे सगळ्या हॉलला माहीत होतं. फेसबुकवरच्या व्हिडिओखालीही कोणी ना कोणी लिहिलेलं असेल, मी वाचलं नव्हतं. मी कोणापासून काय लपवलं होतं? मी विचारलं, मग तुम्ही विचारलंत कशाला, काका?

त्यांनी कपातला चहा बशीत ओतला. "त्यांना म्हणायचं होतं. दिसत होतं ना, ओठापर्यंत आलेलं. कोणी विचारलं तर माणसाला सांगता येतं, म्हणून विचारलं," ते म्हणाले. "पण माईक तुमच्याकडे होता."